बांधकामासाठी भर उन्हाळ्यात हलवलेली झाडं वाळतात, तेव्हा काय पाहायचं, काय करायचं

पावसाआधी पाया भरून व्हावा म्हणून एप्रिल-मेमध्ये बांधकामं निघतात. कुणाला मागच्या बाजूला खोली वाढवायची असते, कुणाला गाडीसाठी जागा हवी असते, कुठे अख्खी सोसायटी पुनर्विकासाला निघालेली असते. कॉन्ट्रॅक्टर सांगतो, “सोमवारी जेसीबी येतोय, तेवढी झाडं काढून घ्या.” मग मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, लिंबू घाईघाईनं उपटून कंपाउंडच्या कडेला खोचले जातात. दोन दिवसांत पानं लोंबतात, आठवड्यात फांद्या उघड्या पडतात, आणि दरवर्षी ओळखीपाळखीतून तोच फोन येतो: “रोज दोन वेळा पाणी घालतोय, तरी झाड वाळतंय कसं?”

वाळतंय, कारण पाणी जमिनीत असलं तरी ते ओढून घेणारी मुळं झाडापाशी राहिलेली नाहीत. जाड मुळं झाडाला धरून ठेवतात, पाणी मात्र शोषतात ती टोकाकडची बारीक पांढरी मुळं आणि त्यांवरची केसासारखी लव. ही बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात आणि झाडाच्या घेराच्या कडेपर्यंत, बरेचदा त्याच्याही पलीकडे पसरलेली असतात. बुंध्याभोवतीचा फूटभर मातीचा गोळा काढला की या बारीक मुळांपैकी बहुतांश जुन्या जागीच राहतात. वर पानं मात्र तितकीच. पुण्या-सोलापुराकडच्या एप्रिलमध्ये, चाळिशीला टेकलेल्या पाऱ्यात आणि कोरड्या वाऱ्यात, ती पूर्वीइतकंच पाणी बाहेर टाकत राहतात. जमा तुटली आणि खर्च तसाच चालू राहिला, असा हा प्रकार आहे. त्यात आपण घाबरून पाण्याचा मारा करतो, तुटलेल्या मुळांभोवतीची हवा निघून जाते आणि उरलेली मुळंही कुजतात.

म्हणून उपाय पाण्याच्या नळीपासून सुरू होत नाहीत. निघताना जास्तीत जास्त मुळं सोबत न्यायची, काही आठवडे पानांचा खर्च कमी ठेवायचा आणि हाताशी असलेली मुळं सडू द्यायची नाहीत. खाली जे काही लिहिलं आहे ते या तीन गोष्टींसाठी आहे.

हलवायची गरज खरंच आहे का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि त्यामुळे कितीतरी झाडं उगाच जातात. कॉन्ट्रॅक्टरकडून आधी लाइनआउट करून घ्या. जमिनीवर फक्कीची रेघ पडली की खड्डा नेमका कुठवर येणार ते दिसतं. त्यापुढे माणसांना उभं राहायला, सेंटरिंगच्या फळ्या लावायला तीन-चार फूट लागतात. त्याच्याही बाहेर असलेल्या झाडाला धोका असतो तो तुडवलं जाण्याचा, धुळीचा आणि बुंध्यापाशी खडी-वाळूचा ढीग पडण्याचा. अशा झाडाला जागेवरच राहू द्या. आडव्या फांद्या सुतळीनं वर बांधा, घेराच्या कडेनं बांबू रोवून त्यांना जुने पत्रे किंवा जाळी बांधा आणि मुकादमाला ती हद्द हातानं दाखवा. पायाच्या चरामुळे एका बाजूची थोडी मुळं तुटली तरी झाड ते सोसतं. चारी बाजूंनी मुळं तोडून हलवण्यापेक्षा हे नुकसान फारच कमी असतं.

झाड मोठं असेल तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात शहरी भागाला १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. आंबा, नारळ, सोनचाफा, कडुनिंब अशी झाडं स्वतःच्या आवारात असली तरी ती तोडायलाच काय, मुळासकट हलवायलाही महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्तीचं संरक्षण मिळालं आहे. परवानगीला वेळ लागतो, तेव्हा अर्ज बांधकामाच्या नकाशाबरोबरच करा. जेसीबी दारात उभा असताना धावाधाव करून काही हाती लागत नाही.

कोणतं झाड हलवायचं आणि कोणतं सोडून द्यायचं

भावना बाजूला ठेवून हे ठरवावं लागतं, कारण माणसं, वेळ, सावली आणि पाणी मोजकंच असतं. ते सगळं ज्या झाडांना पर्याय नाही त्यांच्यावर खर्च करा.

शेवगा हलवू नका. मनगटाएवढ्या जाड, तीन-चार फुटी फांद्या तोडून सावलीत ठेवा आणि नव्या जागी रोवा, फुटतात. पपई हलवल्यावर क्वचितच सावरते, तिचं बी ठेवा. जुनी खोडं झालेली तुळस काढली की बहुधा जातेच. मंजिऱ्या चुरगाळून बी कुंडीत टाकलं की पावसाच्या तोंडावर डझनभर रोपं मिळतात. केळीचे तलवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे कंदासकट काढून न्या, मोठा खुंट सोडा. गवती चहाचे ठोंब पानं अर्धी कापून वेगळे केले की कुठेही जगतात. कोरफडीला तर या दिवसांत काहीच होत नाही, फक्त काढल्यावर चार दिवस सावलीत सुकू द्या आणि मग लावा.

काही झाडांना उन्हाळा उलट मानवतो. हळदीचे गड्डे या दिवसांत सुप्त असतात आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला आपल्याकडे हळदीची लागवड होतेच, तेव्हा ते निर्धास्त काढून घ्या. पांढरा चाफा, म्हणजे देवळांच्या आवारात दिसतो तो चिकाचा चाफा, कडक उन्हातही हलवता येतो. त्याची मुळं कमी आली तरी जाड खोडात साठा असतो. फांद्या कापाव्या लागल्या तर कापांमधला चिक वाळेपर्यंत आठ-दहा दिवस त्या सावलीत आडव्या ठेवा, मग लावा आणि पाणी बेतानं घाला. चाफा मरतो तो बहुधा जास्त पाण्यानं, खोड खालून मऊ पडून.

मोगरा, तगर, अनंत, लिंबू, जास्वंद ही मधल्या गटातली. गोळा नीट निघाला तर जगतात. मोगरा नेमका बहरात असतो आणि कळ्या तोडायला हात धजत नाही, पण तोडाव्याच लागतात. कळ्या आणि फुलं पाणी आणि साठा दोन्ही खातात. झुडूप निम्म्यावर छाटा. जास्वंद सगळ्यांत आधी मान टाकते आणि बहुधा सावरते. तिच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या छाटाल तेव्हा त्याच सावलीत कुंडीत खोचून ठेवा, मूळ झाड गेलं तरी वाण हातात राहतो. कढीपत्त्याच्या मोठ्या झाडाभोवती मुळांवरून फुटलेली पिल्लं असतात. मोठं झाड खोलवर गेलेलं असतं, त्यापेक्षा गुडघ्याएवढी दोन-तीन पिल्लं न्या. हाताशी वेळ असेल तर आईकडून येणारं मूळ पहारीनं आधी तोडून ठेवा आणि तीन आठवड्यांनी पिल्लू उचला.

बोगनवेल आणि सोनचाफा अवघड. बोगनवेलीचा वरचा पसारा दांडगा, मुळं मात्र ठिसूळ, गोळा हातातच सुटतो. ती हलवायचीच असेल तर गुडघ्याएवढी छाटा आणि गोळा गोणपाटात घट्ट बांधल्याशिवाय जागेवरून हलवूच नका. सोनचाफ्याची मांसल मुळं दुखावली की लवकर कुजतात. मोठा सोनचाफा उन्हाळ्यात हलवावा असं मी कुणालाही सांगत नाही. त्यासाठी नकाशा दोन-चार फूट सरकवता येतो का ते आर्किटेक्टला विचारा. असं विचारलं जात नाही, पण विचारलं तर पुष्कळदा जमतं.

हाताशी महिनाभर असेल तर

हा महिना सोन्याचा आहे, तो वाया घालवू नका. जेवढा गोळा काढायचा त्या मापाचं वर्तुळ आखा. वर्तुळाचे समोरासमोरचे दोन पाव भाग आज धारदार फावड्यानं फूट-दीड फूट खोल कापा आणि त्या चरात माती व कुजलेला पालापाचोळा भरून पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांनी उरलेले दोन पाव भाग कापा. कापलेल्या टोकांजवळ नवी बारीक मुळं फुटतात आणि ती गोळ्याच्या आत असल्यामुळे झाडाबरोबर येतात. या काळात झाडाची पानं दुपारी थोडी मलूल होतात. तेवढं होणारच.

गोळ्याचं माप: जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाची जाडी मोजा. गोळा तिच्या दहापट रुंद हवा, उन्हाळ्यात जमल्यास बारापट. खोड ४ सेंटिमीटर जाड असेल तर गोळा ४० ते ४८ सेंटिमीटर रुंद. खोली रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश. वजनाचा अंदाज आधीच घ्या. ४५ सेंटिमीटर रुंदीचा ओला गोळा पन्नास-साठ किलोचा भरतो आणि ६० सेंटिमीटरचा शंभराच्या पुढे जातो. हे लक्षात न घेता दोघे जण उचलायला जातात, गोळा हातातून निसटतो, फुटतो आणि केलेली सगळी मेहनत तिथेच संपते.

काढायचा दिवस

दोन दिवस आधी भरपूर पाणी द्या, म्हणजे काढताना माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असते. काळ्या मातीत याला फार महत्त्व आहे. कोरडी काळी माती ढेकळांनी फुटते आणि मुळं ताणून तोडते. चिखल असेल तर गोळा ओघळतो. मुरमाड जमिनीत गोळा धरतच नाही. तिथे चर खणून झाला की बाजूनं आधी गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळा आणि मगच खालून पहार घाला.

वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर. म्हणजे झाडाला पहिली रात्र थंडाव्यात मिळते. नवा खड्डा किंवा ड्रम आधीच तयार हवा. उघड्या मुळांवरची लव उन्हावाऱ्यात काही मिनिटांतच सुकते, म्हणून ‘आत्ता काढून ठेवू, सकाळी लावू’ हा बेत नको. नाइलाज असेल तर ओलं गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा. चुरगळलेली जाड मुळं धारदार कात्रीनं साफ कापा. लिंबू-आंब्याच्या मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावा. तिचं प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. घरच्यापुरती त्याच हिशेबानं थोडी करा, आणि लोखंडी भांड्यात करू नका.

बुंध्याला धरून झाड उचलायचं नाही. खालून गोणपाट सरकवा आणि चार टोकं धरून उचला. लावताना पूर्वी जिथवर माती होती तिथवरच माती आली पाहिजे. ‘घट्ट बसावं’ म्हणून खोलात लावलेलं झाड बुंध्यापाशी कुजतं. पोकळ्या पायानं तुडवून बुजवू नका, थोडी माती, थोडं पाणी असं करत भरा.

छाटणी किती, यावर माणसं दोन टोकांना जातात. कुणी पानही तोडत नाही, कुणी झाडाचा सोटा करून टाकतं. नवी मुळं फुटायला लागणारं अन्न पानांतूनच येतं, त्यामुळे सगळी पानं गेली की मुळंही रखडतात. सदाहरित झुडपांची साधारण एक तृतीयांश पानं कमी करा: आतल्या गर्दीतल्या फांद्या, कोवळे लुसलुशीत शेंडे, सगळी फुलं-फळं. मोगरा आणि बोगनवेल जास्त छाटणी सोसतात, त्यांचं वर सांगितलंच. गोळा लहान निघाला, फुटला, तर आणखी छाटा.

ठेवायचं कुठे

बांधकाम चालू असताना झाडं हलवणाऱ्यांची मोठी अडचण अशी की निवडलेला ‘रिकामा’ कोपरा महिन्याभरात विटांचा, नाहीतर सिमेंट कालवायचा होतो, आणि झाड पुन्हा हलतं. एका उन्हाळ्यात दोनदा हललेलं झाड फारसं जगत नाही. म्हणून अंतिम जागा पक्की नसेल तर जमिनीत लावूच नका. दोनशे लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम मधून कापला की दोन मोठी भांडी मिळतात, सुमारे ५० सेंटिमीटरचा गोळा त्यात मावतो. बुडाशी आणि कडेला खालच्या बाजूनं सात-आठ भोकं पाडा आणि ड्रम विटांवर ठेवा. बाहेरून गोणपाट गुंडाळा, नाहीतर ऊन लागून कडेची मुळं शेकतात. भरताना त्याच बागेची माती, थोडं कोकोपीट आणि पूर्ण कुजलेलं पानांचं खत. ताजं शेण अजिबात नको. पुनर्विकासात ज्यांना दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची आहेत, त्यांनाही याच वाटेनं जावं लागेल. त्यांनी ड्रम इमारतीत आणण्याआधी गच्ची किंवा बाल्कनी भाराला चालेल का हे घरमालकाशी आणि सोसायटीशी बोलून घ्यावं.

जागा सकाळच्या उन्हाची, पूर्वेची किंवा उत्तरेची. कंपाउंडला लावलेल्या पत्र्यांना चिकटून ठेवू नका, दुपारी ते भट्टीसारखे तापतात. वर ५० टक्के शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी) झाडापासून दोन फूट उंच ताणा, पश्चिमेकडून खाली सोडा आणि बाकी बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. अंधाऱ्या पडवीत किंवा जिन्याखाली ठेवलेलं झाड टवटवीत दिसतं, पण अन्नच तयार करू शकत नाही. काही आठवड्यांनी बाहेर काढल्यावर ते कोसळतं.

आता लक्षणं

*दुपारी मान टाकतं, पहाटे ताठ असतं.* पहिले दोन-तीन आठवडे हे चालायचंच. दुपारच्या झाडाकडे पाहून पाणी घालायचं नाही, निर्णय सकाळी सहा-साडेसहाला पाहून घ्यायचा. दुपारी फक्त आजूबाजूची जमीन भिजवा, पानांवर बारीक फवारा मारा. हवेतला कोरडेपणा थोडा कमी होतो तेवढाही उपयोगी पडतो. कोकणात आणि गोव्यात हवाच दमट असल्यामुळे हा टप्पा लवकर सरतो. विदर्भात पारा ४४-४५ च्या पुढे असताना मात्र नेट असूनही झाडाची परीक्षा असते. तिथे काम पुढे ढकलणं शक्य असेल तर ढकला.

*पहाटेही लोंबलेलं.* अशा वेळी गोळ्यातला ओलावा तपासावाच लागतो. एक लांब लाकडी काडी किंवा सळई बुंध्यापासून चार बोटं अंतरावर, म्हणजे गोळ्यातच, वीतभर खोल घाला आणि पाच मिनिटांनी काढा. बऱ्याच वेळा असं निघतं की भोवतीची नवी माती चिंब आहे आणि गोळा आतून खडखडीत. नवी भुसभुशीत माती पाणी पिते, घट्ट गोळा पीत नाही, आणि झाडाची सगळी मुळं अजून गोळ्यातच आहेत. काळ्या मातीचा गोळा सुकून आकसला असेल तर कडेला फट पडते आणि वरून घातलेलं सगळं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. ‘रोज दोन वेळा पाणी’ घालूनही वाळणाऱ्या झाडांपैकी बरीच याच कारणानं वाळत असतात. फट मातीनं बुजवा आणि पाणी गोळ्यावर, अगदी सावकाश द्या. बुडाला सुईएवढी भोकं पाडलेले दोन डबे बुंध्याजवळ ठेवून भरले तरी काम होतं. ४५ सेंटिमीटरच्या गोळ्याला ८ ते १० लिटर, तास-दीड तासात मुरेल असं. मग पुन्हा काडी कोरडी निघेपर्यंत थांबा.

काडी चिखलानं माखून आली आणि आंबूस वास आला तर आजार उलटा आहे. पाणी बंद. वरचं आच्छादन बाजूला करा, ड्रमची भोकं बुजलीत का पाहा, सावली वाढवा, आणखी काही पानं कमी करा. जमिनीत असेल तर आळं फोडून पाण्याला वाट द्या. तीन-चार दिवसांत पहाटेचा ताठपणा परतला तर झाड वाचलं समजा.

*पानं पिवळी पडून गळताहेत.* घाबरून जाऊ नका. देठापासून सहज सुटून पडणारं पान हे जिवंत फांदीचं लक्षण आहे, झाड स्वतःहून खर्च कमी करतंय. लिंबू आणि कढीपत्ता पार उघडे होतात आणि वळीव पडला की फांद्यांवरचे डोळे फुगतात. खरी काळजी करायची ती पानं तपकिरी, कुरकुरीत होऊन फांदीलाच चिकटून राहिली तर. ती फांदी पान टाकण्याआधीच मेलेली असते. शेंड्याकडून खाली येत नखानं साल खरवडून पाहा. हिरवं, ओलं लागलं तिथे थांबा आणि त्याच्या वर छाटा. बुंध्यापर्यंत तपकिरीच लागलं तरी झाड लगेच उपटू नका. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता मृग लागल्यावर जमिनीलगत फुटलेले पुष्कळदा दिसतात.

*नवी पालवी आली आणि सुकली.* ही पालवी लोकांना फसवते. ती खोडातल्या साठ्यावर फुटलेली असते, खाली मुळं फुटलीच असतील असं नाही. पालवी दिसली की माणसं नेट काढतात, खत घालतात आणि झाड जातं. नेट निदान पहिला चांगला पाऊस होईपर्यंत राहू द्या. पानं पूर्ण आकाराची होऊन गर्द झाली, पुढचा फुटवाही आला, की मगच खताचं नाव काढा. त्याआधी युरिया किंवा डीएपी टाकणं म्हणजे जखमी मुळांभोवती क्षार वाढवणं. मुळं पाणी घेण्याऐवजी गमावतात. ‘शॉक’ जावा म्हणून विकली जाणारी जीवनसत्त्वाची टॉनिकंही घेऊ नका. मोठ्या झाडांवर त्यातल्या बी-१ जीवनसत्त्वाचा फायदा प्रयोगांत दिसलेला नाही. तेवढ्या पैशांत आणखी थोडं शेडनेट येतं.

*पान पिवळं, शिरा हिरव्या.* बांधकामाच्या जागी हे हमखास दिसतं आणि त्याचा झाड हलवण्याशी थेट संबंध नसतो. सिमेंटची घमेली धुतलेलं पाणी, चुन्याचा राडारोडा, प्लास्टरची धूळ मातीत गेली की मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि लोह असूनही झाडाला घेता येत नाही. अनंत, जास्वंद, मोगरा हे पहिल्यांदा दाखवतात. वरची दोन-तीन इंच माती काढून टाका, नवी घाला, चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारणी पुडीवरच्या प्रमाणाच्या निम्म्यानं संध्याकाळी करा. आणि घमेली धुवायची जागा दुसरीकडे नेमून द्या, नाहीतर पुढच्या आठवड्यात हेच होणार. पानांवर सिमेंटची धूळ बसली असेल तर ती सकाळी पाण्यानं धुवा.

*पानांवर बारीक फिके ठिपके, खालून जाळी.* लाल कोळी. गरम, कोरड्या हवेत तो झपाट्यानं वाढतो आणि दुबळ्या झाडाला आधी धरतो. पांढऱ्या कागदावर पान झटका, हलणारे ठिपके दिसले की खात्री झाली. पानांच्या खालच्या बाजूनं रोज पाण्याचा जोरदार फवारा आठवडाभर मारला तरी बराच आटोक्यात येतो. जास्वंदीवर कापसासारखे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण. पुंजके ओल्या कापडानं पुसून काढा, माखलेले शेंडे तोडून टाका.

*झाड हलतं, बुंध्याभोवती माती सुटते.* मे महिन्यातल्या वादळी वाऱ्यात नवी फुटलेली मुळं अशीच तुटतात. दोन बाजूंना दोन बांबू रोवून रुंद कापडी पट्टीनं सैलसर बांधा.

आच्छादन मात्र सगळ्यांनाच: उसाचं पाचट, पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, दोन-तीन इंच, खोडापासून चार बोटं लांब. उन्हाळ्यात सुक्या पाचटाखाली वाळवी लागते, म्हणून आठवड्यातून एकदा उचलून पाहा.

पाऊस सुरू झाल्यावर

मुंबईत मॉन्सूनची सरासरी तारीख ११ जून, कोकणात त्याच्या थोडी आधी. उन्हाळा तगलेलं झाड आता सुटलं असं वाटतं आणि लक्ष उडतं. काळ्या जमिनीत मात्र धोका या वेळी सुरू होतो. भोवतीची जमीन घट्ट, खड्ड्यातली माती भुसभुशीत, त्यामुळे सगळं पाणी खड्ड्यात साठतं. मे महिन्यात जगवलेली झाडं जुलैत सडून जातात ती यानं. मृगाच्या आधीच आळं फोडा, बुंध्याकडून बाहेर उतार करा आणि उताराच्या बाजूनं एक चर काढून द्या. शेडनेट ढगाळ दिवस पाहून आधी पश्चिमेचं आणि मग वरचं काढा.

ड्रममधली झाडं परत जमिनीत लावायची घाई दिवाळीच्या तोंडावर होते, घर रंगवून झालेलं असतं आणि अंगण बोडकं दिसतं. ऑक्टोबरचं ऊन सरेपर्यंत थांबा. झाड अजून भरलेलं दिसत नसेल तर पुढच्या जून-जुलैपर्यंत त्याला ड्रममध्येच राहू द्या. आणि लावण्याआधी नव्या भिंतीलगतची जमीन दीड-दोन फूट खणून पाहा. तिथे वर चार इंच माती आणि खाली विटांचे तुकडे, सिमेंटच्या कपच्या, टाइल्सचा चुरा निघतो. तो सगळा बाहेर काढून चांगली माती भरून द्यायचं कॉन्ट्रॅक्टरकडून शेवटचं बिल देण्याआधीच करून घ्या.